ती बोलतच होती

शाळेत शनिवारचं प्रशिक्षण सुरू होणार, असं मुख्याध्यापिकांनी सांगितलं तेव्हा मी एकच प्रश्न विचारला होता. "चहा मिळणार ना?" सगळ्या शिक्षिका हसल्या. मुख्याध्यापिकाही हसल्या. मी शाळेत जुनी, त्यामुळे असं बोलले तरी चालून जायचं. घाटकोपरच्या एका मराठी शाळेच्या शिशुवर्गाला मी सव्वीस वर्षं शिकवत होते. एवढ्या वर्षांत कितीतरी प्रशिक्षणं येऊन गेली. कुणीतरी यायचं, पडद्यावर चौकोन आणि बाण दाखवायचं, आमच्याकडून घोटीव कागदाची फुलं करून घ्यायचं, हजेरीपटावर सह्या घ्यायचं आणि निघून जायचं. सोमवारी माझा वर्ग होता तसाच.

या वेळी ज्या प्रशिक्षक मॅडम आल्या त्यांचं वय माझ्या नोकरीएवढंच असेल. सुती कुर्ता, खांद्याला कापडी पिशवी. खुर्ची दिली तरी त्या आमच्यासमोर सतरंजीवर बसल्या. म्हणाल्या, "मी तुम्हाला शिकवायला आलेले नाही. तुमच्या वर्गात मोबाईल लावून वीस मिनिटांचा व्हिडिओ घेऊ. तो तुम्हीच बघायचा. मला दाखवायचा की नाही, तेही तुम्हीच ठरवायचं."

शेजारच्या वर्गाची बाई माझी मैत्रीण. पंधरा वर्षं आम्ही एका डब्यात जेवतोय. ती माझ्या कानात म्हणाली, "वाट लागली. मला केस रंगवावे लागणार."

माझी काही वाट लागणार नव्हती. पालक माझ्याच वर्गात प्रवेश मिळावा म्हणून मुख्याध्यापिकांना भेटायचे. व्हिडिओसाठी मी माझा हुकमी पाठ काढला, भाज्यांचा. आदल्या दिवशी स्टेशनजवळच्या बाजारातून टोपलीभर भाज्या आणल्या. वांगी, गाजरं, पडवळ, आणि एक हातभर लांब, पिवळट झालेली गावठी काकडी. मुलांना चित्रं नाही, खऱ्या वस्तू दाखवायच्या, हे मी कुणी सांगायच्या आधीपासून करत आले होते. मॅडमनी मोबाईल खिडकीखालच्या बुटक्या कपाटावर ठेवला आणि त्या बाहेर जाऊन बसल्या. वीस मिनिटं मजेत गेली. मुलं ओरडून ओरडून नावं म्हणाली. पाठ झकास झाला.

पुढच्या शनिवारी आम्ही जोडीजोडीने व्हिडिओ बघायला बसलो. इअरफोन एकच, एक कान माझ्या मैत्रिणीला, एक मला. मॅडमनी सांगितलं, व्हिडिओ तीनदा बघा. आधी आवाज बंद करून. मग आवाजासकट. तिसऱ्यांदा वर्गातलं एकच मूल निवडा आणि फक्त त्याच्याकडे बघा.

आवाज बंद केलेला व्हिडिओ सुरू झाला आणि मला वाटलं, ही कोण बाई? अंगावर माझीच साडी होती, पण ती बाई क्षणभरही थांबत नव्हती. तोंड सारखं चाललेलं. हात हवेत. हसत होती, पण हसता हसता एका मुलाचा खांदा दाबून त्याला खाली बसवत होती, दुसऱ्याची मान धरून फळ्याकडे वळवत होती. मला यातलं काहीच आठवत नव्हतं. मी मुलांना हात लावत नाही, असं मी कुणालाही छातीठोकपणे सांगितलं असतं.

"तू श्वास कधी घेतेस गं?" मैत्रिणीने विचारलं. मी हसले खरी, पण मला ते बघवत नव्हतं.

दुसऱ्यांदा आवाजासकट बघितलं. वीस मिनिटं माझाच आवाज. "काय आहे हे?" असं मी विचारायचे आणि त्याच दमात उत्तरही मीच द्यायचे. "वां-गं! सगळे म्हणा!" मुलं बिचारी माझ्या मागून म्हणायची. मला वाटायचं मुलं उत्तरं देतात. एकाही मुलाने एकही उत्तर दिलेलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी मॅडम म्हणाल्या, "ज्या मुलाची तुम्हाला काळजी वाटते, ते मूल घ्या."

मी लगेच म्हटलं, "आमची मौनीबाई घेते. सोपं आहे. वीस मिनिटांत काही होणारच नाही."

आमची मौनीबाई म्हणजे पाच वर्षांची एक मुलगी. जूनपासून वर्गात होती आणि तिने माझ्याशी एक शब्द उच्चारला नव्हता. नाव विचारलं तर खाली बघायची. जुलैच्या पालकसभेत मी तिच्या आईला सगळ्यांसमोरच सांगितलं होतं, "कानाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. आणि घरी मालवणी बोलणं बंद करा. दोन-दोन भाषांनी मूल गोंधळतं." आई म्हणाली होती, "बाई, घरी ती बोलते हो." मी म्हणाले, "सगळ्याच आया असं म्हणतात." यावरही सभेत थोडं हसू झालं होतं.

व्हिडिओत ती मोबाईलच्या अगदी जवळ बसलेली होती, कपाटाला टेकून. मी टोपलीतून ती लांब काकडी काढली आणि उंच धरली.

"अगं," मैत्रीण म्हणाली, "ती काहीतरी बोलली."

"कोण?"

"मागे घे. मागे घे ना."

मी व्हिडिओ मागे घेतला. आवाज वाढवला. मी विचारत होते, "काय आहे हे?" आणि माझ्या 'का-क-डी'च्या खालून एक बारीक आवाज आला, "तवसा."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. पुढे चालू केलं. मुलं 'काकडी, काकडी' ओरडत होती आणि ती पुन्हा म्हणाली, या वेळी माझ्याकडे बघून, "बाई, तवसा." मी टोपलीत वाकले होते. मग ती गुडघ्यांवर उभी राहिली, हात लांब करून तिने त्या काकडीला बोट लावलं. मी तिच्याकडे न बघता तिचा हात धरला, तिच्या मांडीवर आणून ठेवला, म्हणाले, "हाताची घडी!" आणि पुढच्या भाजीकडे वळले.

ती शेजारच्या मुलीकडे वळली. तिला सांगू लागली. सलग, न अडखळता, "ह्या तवसा. माजी आजी ह्येचा धोंडस करता. गूळ घालून."

"धोंडस म्हणजे?" त्या मुलीने विचारलं.

"केकासारखा असता. पण काळा असता."

आणि त्यावर व्हिडिओतला माझा आवाज आला, "कोण बोलतंय तिकडे? एकदम शांत!"

मी कानातून इअरफोन काढला. मला तिचं बोलणं ऐकू आलं नव्हतं, अशातला भाग नव्हता. ते ऐकू आलं होतं, म्हणून तर मी ओरडले. माझ्या कानांना ती गडबड वाटली होती. डॉक्टरकडे पाठवलेली मुलगी माझ्यापासून चार हातांवर बसून काकडीच्या केकची कृती सांगत होती, आणि तिला गप्प मी केलं होतं.

एरवी मैत्रिणीकडे प्रत्येक गोष्टीवर बोलायला काहीतरी असतं. तिने नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी बाहेर व्हरांड्यात आले. आमच्या मावशी तिथे फरशी पुसत होत्या. मुलांना बाथरूमला नेणं, डबे उघडून देणं, सांडलेलं आवरणं, हे सगळं त्याच करतात. देवगडकडच्या. मी त्यांना त्या मुलीबद्दल विचारलं, ती कधी बोलते का म्हणून.

"ती? ती तर माझं डोकं खाते," मावशी म्हणाल्या. "बाथरूमला नेताना सगळं सांगते. घरी मासे कुठले आणले, गावची गाय व्याली, सगळं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

मावशींनी फडका पिळला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही सभेत सांगितलंत ना, मालवणी बोलायचं नाही म्हणून. मी तिच्याशी मालवणीतच बोलते. मला वाटलं, मलाच ओरडाल."

सव्वीस वर्षांत त्या माझ्याशी नेहमी पुस्तकी मराठीतच बोलल्या होत्या, आणि त्यामागे काही कारण असेल हे मला कधी सुचलंही नव्हतं.

त्या दिवशी मुलुंडला घरी गेले आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बँकेतून निवृत्त झालाय, स्वभावाने शांत. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सोमवारी तिच्या आईला भेट. आणि एक कर, तिलाही जरा बोलू दे." मला राग आला. मग लक्षात आलं की तो चेष्टा करत नव्हता.

सोमवारी सुटीच्या वेळी आई मुलीला न्यायला आली तेव्हा मी म्हटलं, मला तुमच्याशी बोलायचंय, घरी आले तर चालेल का? तिचा चेहरा उतरला. "आता काय केलं हिने?" तिने विचारलं. मी म्हटलं, हिने काही नाही. पण ते तिला पटलं नसावं, कारण वाटेत ती धाकट्या मुलीला कडेवर घेऊन थोरलीचा हात घट्ट धरून चालत होती.

घर डोंगरावरच्या एका नव्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर. एक खोली आणि स्वयंपाकघर. तिने पाणी दिलं. मुलगी आत गेली आणि दाराआडून बघत राहिली. मी व्हिडिओचं सगळं सांगितलं, काहीही न वगळता. शेवटी म्हटलं, "तुमची मुलगी बोलते. तुम्ही मला सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही."

तिला आनंद होईल, असं मी वेड्यासारखं धरून चालले होते. ती उठली, कपाटातून एक फाइल काढली आणि माझ्यापुढे ठेवली. कानाच्या तपासणीचे कागद. एकदा नाही, दोनदा केलेली. मेंदूच्या डॉक्टरांची चिठ्ठी. सगळीकडे एकच, सर्व काही ठीक.

"दुसऱ्या तपासणीला हिला झोपेचं औषध देऊन झोपवलं होतं," ती म्हणाली. "मी दुकानात कामाला होते, कपड्यांच्या. रजा संपल्या. मग सोडलं काम. रिपोर्ट नॉर्मल आले ते तुम्हाला सांगायला मी आले होते बाई. तुम्ही हजेरी लिहीत होतात. म्हणालात, नंतर बोलू."

मला ते आठवत नव्हतं. हेच मला सगळ्यात भयंकर वाटलं. मी आठवणीत शोधत राहिले, ती दारात उभी आहे, हातात फाइल आहे, आणि काही केल्या मला ती दिसेना.

"आणि आजी?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून. खोलीत भिंतीशी एक खाट होती, तिच्यावर घडी केलेल्या चादरी आणि इस्त्रीचे कपडे रचलेले होते. कुणी त्यावर झोपत असेल असं वाटत नव्हतं.

"गणपतीला सगळे गावाला गेलो. त्या तिथेच राहिल्या."

"बरं नाही का त्यांना?"

"बऱ्या आहेत." ती थोडं थांबली. मी पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मग ती म्हणाली, "तुम्ही सभेत सांगितलंत त्या दिवसापासून त्या हिच्याशी बोलायच्या बंद झाल्या. त्यांना दुसरी भाषा येत नाही. ही हाका मारायची, तर त्या नुसत्या मान हलवायच्या. ही रडायची. गावाला गेल्यावर म्हणाल्या, मी मुंबैक इलंय तर माज्या तोंडात ताच येतला. चेडवाचा नुकसान कित्याक करू? पोरीचं नुकसान नको म्हणून राहिल्या तिथे."

मला त्या खोलीत एक म्हातारी बाई दिसली, नातीने हाक मारल्यावर ओठ मिटून बसलेली. दोन महिने. माझ्या एका वाक्यामुळे. ते वाक्य मी कुठे वाचलं होतं, कुणाकडून ऐकलं होतं, हेसुद्धा मला सांगता आलं नसतं. वर्षानुवर्षं मी ते दरवर्षी कुणाला ना कुणाला सांगत आले होते.

"त्यांना फोन लावाल?" मी म्हटलं.

तिने लावला. मालवणीत भराभर काहीतरी सांगितलं आणि फोन माझ्याकडे दिला. मी आजींना म्हटलं की मी शाळेतली बाई, माझी चूक झाली, तुमच्या बोलण्याने मुलीचं काहीही नुकसान होत नव्हतं. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"बाईनु, तुमी वायट वाटून घेव नकात," आजी म्हणाल्या. "तुमी शिकलेली माणसा. तुमी सांगितल्यात ता बऱ्यासाठीच."

त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पुन्हा म्हटलं, "नाही आजी, मी चुकीचं सांगितलं."

मग त्यांनी विचारलं, "मगे आता मी तिच्याशी बोललंय तर चलात काय?"

माझ्याकडे परवानगी मागत होत्या. स्वतःच्या नातीशी बोलायची.

मी "हो" म्हटलं की नाही, आठवत नाही. फोन मुलीच्या हातात दिला एवढं आठवतं. ती तो घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याखाली बसून बोलू लागली. मी तिला पहिल्यांदाच मोठ्या आवाजात बोलताना ऐकलं. तिची आई माझ्याकडे बघत नव्हती, तिकडे बघत होती, आणि रडत होती. मी चपला घालून निघाले. तिने मला थांबा म्हटलं नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मी सगळ्यांसमोर व्हिडिओ लावला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, कशाला, राहू दे. पण मला तो लावायचा होता. त्या मुलीच्या घरी काय घडलं तेही सांगितलं. एका तरुण शिक्षिकेने विचारलं, "पण शाळेत शुद्ध भाषा शिकवायची नाही का मग? पालकच म्हणतात तसं." तिचा प्रश्न खरा होता. मॅडम म्हणाल्या, "शिकवायची ना. पण मूल जे घेऊन आलंय ते काढून नाही घ्यायचं. त्याच्यावरच शिकवायचं." मग जरा संकोचून म्हणाल्या, "मला स्वतःला शिशुवर्गाचा अनुभव दोनच वर्षांचा आहे. माझ्याही वर्गाचा व्हिडिओ मी पाहिलाय. मी तो अजून कुणाला दाखवू शकलेले नाही."

त्या दिवसापासून मी त्यांना मनात 'कालची पोर' म्हणणं बंद केलं.

त्यांनी आम्हाला एकच काम दिलं. प्रश्न विचारला की मनात पाच आकडे मोजायचे. तोवर तोंड उघडायचं नाही. ऐकायला किती सोपं! पहिल्या आठवड्यात मी तीनच्या पुढे जाऊ शकले नाही. ती शांतता मला सोसत नव्हती. वाटायचं, वर्ग हातातून सुटला. मग एकदा पाचपर्यंत पोहोचले, आणि एक मुलगा, जो नेहमी सगळ्यांच्या मागून म्हणायचा, एकटाच म्हणाला, "बाई, पाल भिंतीवरून पडत का नाही?" विषय गाजराचा चालला होता. मी सहा, सात, आठ मोजत राहिले आणि सगळा वर्ग पालीवर बोलू लागला.

ती मुलगी मात्र माझ्याशी बोलली नाही. ऑक्टोबर गेला, दिवाळीची सुटी गेली. ती मैत्रिणींशी बोलायची, मावशींशी आता व्हरांड्यातही मोठ्याने बोलायची. मी जवळ गेले की गप्प. मी तिला दोष कसा देणार? डिसेंबरात एकदा ती घसरगुंडीवरून उतरताना पडली आणि गुडघा धरून माझ्याकडेच आली, कारण मावशी रजेवर होत्या.

"खंय दुखता?" मी विचारलं. मावशींकडून चार वाक्यं शिकले होते.

तिने रडणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मग गुडघा दाखवला. "हंय." आणि थोड्या वेळाने, मलम लावून झाल्यावर, "बाई, तुमका नीट येणा नाय."

"मग तू शिकव," मी म्हटलं. तिने मान हलवली, पण त्या दिवशी आणखी काही बोलली नाही.

हळूहळू बोलू लागली. मालवणीत, शाळेच्या मराठीत, दोन्ही मिसळून. गोंधळली वगैरे काही नाही. कुणाशी काय बोलायचं ते तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. आजी मात्र मुंबईला परत आल्या नाहीत. गावी त्यांचा जीव रमला, असं आई सांगते. रोज संध्याकाळी फोनवर दोघी एकमेकींना बघून बोलतात. हे चांगलंच आहे. पण एका खोलीत राहणं आणि फोनवर दिसणं यातला फरक मला कळतो.

सुटीत एकदा शाळेत जाऊन मी जुन्या प्रगतिपुस्तकांच्या प्रती काढून बसले. माझंच अक्षर. 'मितभाषी.' 'वर्गात बोलत नाही.' 'बोलण्यात सुधारणा हवी.' दरवर्षी एक तरी, कधी तीन. काही चेहरे आठवले, काही नाही. त्यांतली किती मुलं खरंच गप्प होती आणि किती नुसती माझ्या आवाजाखाली होती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. त्या वेळी कपाटावर मोबाईल नव्हता. मी ते गठ्ठे पुन्हा बांधले आणि तिथेच खुर्चीवर बसून राहिले. शिपाई कुलूप लावायला आला तेव्हा त्याने विचारलं, "बाई, बरं वाटत नाही का?"

ती मुलगी आता पहिलीत गेली. निकालाच्या दिवशी तिची आई दाखला घ्यायला आली होती, कडेवर धाकटी होती. मी विचारलं, हिचं नाव कधी घालणार आमच्याकडे?

"अजून ठरवलं नाही, बाई," ती म्हणाली. तिने माझ्याकडे सरळ बघितलं. आवाजात राग नव्हता. "तुमच्याकडे घालायचं की दुसरीकडे, बघू."

पूर्वी असं कुणी म्हणालं असतं तर मी तिथल्या तिथे वर्गाचं कौतुक सुरू केलं असतं. मी म्हटलं, "घाई करू नका. जूनमध्ये एक दिवस वर्गात येऊन बसा. बघा, मग ठरवा."

"बसू देतात?"

"मी मुख्याध्यापिकांना विचारते."

तिने धाकटीला दुसऱ्या कडेवर घेतलं. येते म्हणाली नाही, नाही येत असंही म्हणाली नाही. दाखला पिशवीत घातला आणि पायऱ्या उतरून गेली.